हार्वेस्टरच्या धान्याच्या टाकीत किंवा हॉपरमध्ये उतरून काम करायचं असेल तर काय काळजी घ्यावी?

तुमचा प्रश्न असा आहे की हार्वेस्टरच्या टाकीतला खालचा आडवा ऑगर (धान्य पुढे ढकलणारा लांब स्क्रू) झिजलाय, आत उतरून बेअरिंग बदलायचंय, फ्लाइटवर, म्हणजे त्या स्क्रूच्या पात्यावर, थोडं वेल्डिंग मारायचंय, आणि सोबतची माणसं म्हणतायत की दोन मिनिटांचं काम आहे, टाकी वरून उघडीच आहे, एवढं काय त्यात. मी शेतीची मशीन दुरुस्त करतो, अशा टाक्यांत आणि हॉपरमध्ये, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या धान्या-खताच्या टाक्यांत, उतरणं हे माझं नेहमीचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. लांबलंय, पण आत उतरायच्या आधी पूर्ण वाचा ही कळकळीची विनंती.

आधी ते "वरून उघडी आहे" वालं बघू. आत माणूस मावतो, आत-बाहेर करायची वाट अडचणीची आहे आणि जागा माणसाने तासन्‌तास थांबावं म्हणून बनवलेलीच नाही, अशी कुठलीही जागा बंदिस्त जागाच धरायची, वर झाकण असो वा नसो. हॉपरचा तर आकारच घातक असतो. अमेरिकेतल्या ओशा या कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमांत आतल्या बाजूला निमुळत्या होत जाणाऱ्या भिंती आणि उतरता तळ हा वेगळा धोका म्हणून लिहून ठेवलाय, कारण अशा जागेत पाय सटकला की माणूस आपोआप सगळ्यात अरुंद कोपऱ्यात जाऊन बसतो आणि तिथंच ऑगर असतो. शिवाय उभं राहिलं की डोकं काठाच्या वर येतं म्हणून वाटतं हवा मोकळी आहे, पण बेअरिंगचा बोल्ट काढायला तुम्ही वाकणार, गुडघ्यावर बसणार, आणि मग नाक बरोबर तळाशी जाणार. जड वायू साचतात ते पण तिथंच.

पहिला प्रश्न स्वतःला हा विचारायचा की आत जायलाच हवं का. बऱ्याच मशीनना टाकीच्या खाली साफसफाईचं दार असतं, ते गंजून बसलेलं असतं किंवा चिखलाखाली दिसत नाही म्हणून कुणी उघडतच नाही. ते उघडा. धान्य किंवा खत अडकलं असेल तर बाहेर उभं राहून लांब लाकडी दांड्याने मोकळं करता येतं, बाहेरून पत्र्यावर रबरी हातोडा मारून सुटतं. बेअरिंग सुद्धा काही मॉडेलमध्ये बाहेरच्या बाजूने निघतं, मॅन्युअल बघा. खताच्या हॉपरमध्ये ढेकळं होऊन अडकायचं कारण बहुतेक वेळा ओलाच असतो, ३० अंश तापमानाला हवेतली आर्द्रता साधारण ७२-७३ टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतलं पाणी ओढायला लागतो, अमोनियम नायट्रेट तर ६० च्या आसपासच सुरू करतं. म्हणजे रात्री हॉपर भरून ठेवला नाही तर सकाळी आत उतरून फोडायची वेळच येत नाही.

आता समजा उतरावंच लागणार, जसं तुमच्या वेल्डिंगला लागेल. तर सगळ्यात आधी ताकद तोडायची. नुसतं इंजिन बंद करून भागत नाही. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चावी काढून आत उतरणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात, आणि बॅटरीचा कटऑफ बंद करून शक्य असेल तर त्याला कुलूप. चावी केबिनमध्ये लटकलेली, किंवा "मी बघतो ना इथं" म्हणणाऱ्या मित्राच्या हातात, हे चालणार नाही. कारण होतं काय, मधेच कुणीतरी तिसरा माणूस येतो, त्याला मशीन जरा पुढे घ्यायचं असतं किंवा लाइट लावून बघायची असते, टाकीत कुणी आहे हे त्याला खालून दिसत नाही, केबिनमध्ये बसल्यावर तर नाहीच, आणि तो स्टार्टर मारतो. त्याचा हेतू वाईट नसतो, त्याला फक्त माहीत नसतं. चावी आतल्या माणसाच्या खिशात असली की ही सगळी साखळी तुटते. दुसरी चावी कुठे आहे ते पण आधीच शोधून ठेवा, आणि स्टिअरिंगवर "आत माणूस आहे" असा कागद बांधा.

हॉपर ट्रॅक्टरच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद मागच्या यंत्राला देणारा फिरता दांडा) चालणारा असेल, म्हणजे धान्याची गाडी, चारा मिसळायचं मिक्सर, खत फेकायचं यंत्र, तर पीटीओ शाफ्टच काढून बाजूला ठेवा. दोन मिनिटं लागतात. ५४० आरपीएमचा शाफ्ट सेकंदाला ९ फेरे मारतो, कपडा अडकलाय हे डोक्यात शिरेपर्यंत हात गेलेला असतो. मोटरवर चालणारं असेल तर मेन स्विचला कुलूप आणि त्याची किल्ली परत खिशातच. सीटखालच्या सेफ्टी स्विचवर विसंबू नका, तो काही भाग थांबवतो, सगळे थांबवतो असं नाही, आणि जुन्या मशीनवर तो बऱ्याचदा वायर जोडून बायपास केलेला असतो.

यानंतर जी गोष्ट येते ती फार कमी जण सांगतात, म्हणून जरा थांबून लिहितो. मशीन बंद झालं तरी त्याच्यात ताण उरलेला असतो. ऑगर चोक झाल्यावर बेल्ट किंवा चेन त्याला फिरवायचा प्रयत्न करत राहते, मग तुम्ही इंजिन बंद करता, पण तो पिळ तसाच राहतो, बेल्टची एक बाजू ताठ, स्क्रूच्या पात्यामागे ओल्या धान्याचा घट्ट गोळा दाबून बसलेला. मी हे डोळ्यासमोर बघितलंय. इंजिन बंद, चावी काढलेली, सगळं शांत, आणि लोखंडी सळईने तो गोळा फोडताक्षणी ऑगर खाडकन पाव फेरा फिरला आणि सळई हातातून उडून समोरच्या पत्र्यावर आपटली. हात जर पात्याच्या आणि टाकीच्या तळाच्या मधे असता तर बोटं गेली असती, पाव फेरा त्याला पुरतो. म्हणून गोळ्याला हात लावायच्या आधी बाहेर जाऊन बेल्टचा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) सैल करायचा किंवा चेन उतरवायची, मग बाहेरूनच मोठ्या पान्याने शाफ्ट थोडा उलट फिरवून बघायचा, मोकळा डुलतोय ना. आणि आत काम करताना शाफ्टला लाकडाची पाचर किंवा क्लॅम्प लावून ठेवायचा. हायड्रॉलिकचं पण तेच, इंजिन बंद केल्यावर सगळे लिव्हर पुढे-मागे करून प्रेशर सोडायचं. टाकीच्या झाकणाची वरची पानं हायड्रॉलिकवर मिटणारी असली तर त्यांना बाहेरून टेकू द्या, आणि हॉपर उचलून उलटा होणारा असेल तर नुसत्या सिलिंडरच्या भरवशावर त्याच्या खाली किंवा आत जायचं नाही, कंपनीचा लोखंडी टेकू लावूनच.

धान्य शिल्लक असेल तर उतरायचं नाही, आधी टाकी रिकामी करायची. लोकांना पाण्याची भीती वाटते, धान्याची वाटत नाही. मोठ्या हार्वेस्टरची टाकी १० ते १४ हजार लिटरची असते, म्हणजे गहू भरला तर ८-१० टन. अनलोडिंग चालू असताना मोठं मशीन सेकंदाला १०० लिटरच्या वर धान्य बाहेर टाकतं, आणि अख्ख्या मोठ्या माणसाचं आकारमान ७०-८० लिटर. हिशोब तुम्हीच करा. वाहत्या धान्यात ४-५ सेकंदात पाय असे धरले जातात की स्वतःहून निघता येत नाही, आणि साधारण २० सेकंदात माणूस पूर्ण आत. म्हणजे "अनलोड करता करता वरून पायाने जरा ढकलतो" हा प्रकार कधीच करायचा नाही. किती जण करतात ते मला माहीत आहे, तरी सांगतोय, नका करू. ओलं धान्य असेल तर वर पापुद्रा धरून खाली पोकळी होते, वरून पक्कं दिसतं आणि पाय ठेवला की कोसळतं. भिंतीला उभं चिकटलेलं धान्य खालून खोदू नका, ते अख्खं अंगावर येतं.

आणि हवा. यात नाकावर विश्वास ठेवायचा नाही. नेहमीच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की आत जायचं नाही हा सगळीकडे मानला जाणारा आकडा आहे. १० टक्क्यांच्या आसपास माणसाला आपल्याला काही होतंय हेच कळत नाही, ६ टक्क्यांच्या आसपास तर काही श्वासांतच शुद्ध हरपते. चक्कर येईल, मग मी बाहेर येईन, असं नसतं, बाहेर यायची बुद्धीच आधी जाते. उघड्या, कोरड्या, रिकाम्या हार्वेस्टर टाकीत हा धोका कमी असतो हे मी मान्य करतो, उगाच घाबरवत नाही. पण तळाशी ओलं धान्य कुजत पडलं असेल तर ते ऑक्सिजन खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि तो हवेच्या दीडपट जड. मुरघासाच्या कोठ्यांत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर होतो, आणि भरल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत तिथं नायट्रोजन डायऑक्साइड पण असतो जो फुफ्फुसं जाळतो, कधीकधी तर त्रास काही तासांनी सुरू होतो. शेणाच्या स्लरीच्या टँकरमध्ये हायड्रोजन सल्फाइड. कुजक्या अंड्याचा वास येतो म्हणून कळेल असं वाटतं, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाक बधिर होतं आणि वासच येईनासा होतो, म्हणजे वास गेला याचा अर्थ गॅस गेला असा धरलात की संपलं. स्लरी टँकर आणि फवारणीच्या टाकीत तर उतरायचंच नाही, ते काम ज्यांच्याकडे हवेचे सिलिंडर आणि तयार माणसं आहेत त्यांचं.

धान्याला कीड मारायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या लावल्या असतील तर वेगळंच प्रकरण. त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो, ओशाच्या नियमात त्याची कामाच्या दिवसभराची मर्यादा फक्त ०.३ पीपीएम आहे. आणि हे नीट लक्षात ठेवा, नेहमीचा चार गॅसचा मीटर ऑक्सिजन, पेटणारे गॅस, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दाखवतो, फॉस्फिन मोजायला बनवलेला नसतो, कार्बन डायऑक्साइडही मोजत नाही, त्यांना वेगळा सेन्सर लागतो. म्हणून आत आधी काय भरलेलं होतं हे विचारल्याशिवाय मीटरच्या हिरव्या लाइटला अर्थ नाही. मीटर दोरीला बांधून वर, मधे आणि तळाशी असा तीन ठिकाणी सोडायचा आणि प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, लगेच वर ओढायचा नाही. मग काम चालू असताना तो छातीजवळ लावून ठेवायचा, कारण सकाळी चांगली असलेली हवा वेल्डिंगने दुपारी खराब होते. साधा धुळीचा मास्क धुळीसाठी चांगला, जरूर लावा, पण तो ऑक्सिजन देत नाही.

तुमच्या वेल्डिंगचं बोलू. मिग वेल्डिंगचा (तार आणि गॅस वापरून करायचं वेल्डिंग) गॅस, आर्गॉन असो की कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड असतो आणि हॉपरच्या तळाशी भरत जातो, बरोबर जिथं तुम्ही वाकलेले असता. म्हणून पंखा किंवा ब्लोअर लावून पाईपने ताजी हवा तळापर्यंत सोडायची, पंख्याचं तोंड मशीनच्या किंवा जनरेटरच्या धुराकडे नको. गॅस कटर वापरत असाल तर सिलिंडर बाहेर, आणि चहाला उठलात तरी टॉर्च बाहेर काढून घ्यायचा, वॉल्व्ह किंचित जरी गळत असला तरी तेवढ्या वेळात टाकीत ऑक्सिजन वाढतो. २३.५ टक्क्यांच्या वर गेला की एका ठिणगीने कपडे भडकतात. आत गुदमरतंय म्हणून कुणी ऑक्सिजनचा पाईप सोडून "हवा" द्यायला लागला तर त्याला तिथंच थांबवा, हे करतात लोक, आणि त्यात माणसं जळून मेलीयत. वेल्डिंगच्या आधी धान्याची धूळ आणि कोंडा पूर्ण काढायचा, नुसतं कॉम्प्रेसरने उडवायचं नाही कारण हवेत उडालेली धान्याची धूळ स्फोट करते. काम संपल्यावर निदान तासभर मशीनजवळ कुणीतरी थांबावं, कोंड्यात धग राहते. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या जवळ लावा नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन नवीन बेअरिंग खराब करतो, आणि मशीनचे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर मॅन्युअलप्रमाणे सोडवून ठेवा. आतला दिवा १२ किंवा २४ व्होल्टचाच, घामेजलेल्या अंगाने चारी बाजूंनी लोखंड असताना मेन लाइनचा बल्ब नको.

आता बाहेरचा माणूस. मला विचाराल तर या सगळ्यात एवढं महत्त्वाचं दुसरं काही नाही. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने १९८६ मध्ये इशारा दिला होता की बंदिस्त जागांतल्या मृत्यूंमध्ये ६० टक्क्यांहून जास्त लोक हे वाचवायला गेलेले होते. आधी एक जण पडतो, भाऊ बघतो आणि उडी मारतो, मग बाप. एकाच घरातली माणसं एकामागोमाग जातात, आणि ती जातात मायेपोटी, म्हणूनच त्या क्षणी कुणाला अडवणं अवघड असतं. त्यामुळे हे आधीच, काम सुरू व्हायच्या आधी, तोंडावर बोलून ठरवायचं: काहीही झालं तरी तू आत येणार नाहीस. मग त्याच्याकडे बाहेरूनच ओढून काढायची सोय हवी, नाहीतर तो येणारच. आतल्याने पूर्ण बॉडी हार्नेस घालायचा, पाठीमागच्या रिंगला दोरी, आणि दोरी वर ट्रायपॉडच्या (टाकीच्या तोंडावरचा तीन पायांचा आधार) विंचला, म्हणजे दोरी गुंडाळून वर ओढणाऱ्या चरकाला. हातांनी शुद्ध हरपलेला माणूस उभा वर ओढायला जाऊन बघा, ७० किलोचा सैल देह अरुंद तोंडातून दोघांनाही निघत नाही. हार्नेस आधी घातलेला असेल तरच उपयोग, नंतर आत जाऊन कोण घालणार. ऑगर फिरायची जराही शक्यता असेल तर मात्र दोरीच त्यात गुंडाळली जाईल, म्हणून वर सांगितलेलं चावी आणि चेनचं काम झाल्याशिवाय दोरी बांधायची नाही. बाहेरच्याने फोन चार्ज करून हातात ठेवायचा, दर दोन-तीन मिनिटांनी आवाज द्यायचा, उत्तर आलं नाही की ओढायचं, आणि त्याला दुसरं काहीही काम द्यायचं नाही. "जरा तो १९ चा पाना घेऊन ये" असं सांगून त्याला लांब पाठवलंत तर बाहेर कुणी नाहीच असं समजा. हत्यारं आधीच बादलीत घालून आत सोडा.

तरीही काही झालंच तर. कुणी धान्यात रुतला तर सगळ्यात आधी मशीन बंद. धान्य खाली सोडून त्याला मोकळं करायचा मोह होतो, पण खालचं दार उघडलं की धान्य वाहतं आणि तो अजून खाली जातो. कमरेपर्यंत रुतलेल्याला वर खेचायला त्याच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास जोर लागतो, ट्रॅक्टरने किंवा विंचने खेचायला गेलात तर मणका जाईल. त्याला हात छातीवर घट्ट घ्यायला सांगा म्हणजे श्वासाला जागा राहते, त्याच्याभोवती प्लायवूडचे किंवा पत्र्याचे तुकडे उभे खोचून कोंडाळं करा आणि फक्त आतलं धान्य बादलीने काढत राहा. हात-पाय ऑगरमध्ये गेला असेल तर उलटा फिरवून सोडवायला जाऊ नका, त्याने जखम वाढते. ताकद तोडा, रक्त दाबून धरा, आणि बचाव पथकाला फोनवरच सांगा की मशीन खोलावं लागणार आहे, म्हणजे ते त्या तयारीने येतील.

शेवटी तुम्ही विचारलंय की जोडीला कुणीच नसेल तर एकट्याने केलं तर चालेल का. नाही. बेअरिंग एक दिवस थांबेल. तोपर्यंत बाहेरून होणारी सगळी कामं करून ठेवा, खालचं दार उघडून टाकी झाडून घ्या, टेन्शनर सैल करा, नवीन बेअरिंगचा नंबर जुन्याशी जुळवून घ्या, म्हणजे माणूस मिळाल्यावर आत कमीत कमी वेळ जाईल. मशीनचं मॉडेल कळवलंत तर ते बेअरिंग बाहेरून निघतं का ते मी सांगू शकेन, निघत असेल तर आत फक्त वेल्डिंगच उरेल.